बाई, तू जेवतेस काय? : गिरणगावातला रक्तक्षय आणि फॉलिक ॲसिडचा माग

गरोदर बाई पहिल्या तपासणीला आली की तिच्या हातात फॉलिक ॲसिडची गोळी पडते. कशासाठी, असं तिनं विचारलंच, तर दोनपैकी एक उत्तर मिळतं : "रक्त वाढावं म्हणून" किंवा "बाळासाठी". दोन्ही खरी आहेत. पण पहिल्या उत्तराचा संबंध आईच्या रक्ताशी आहे, आणि तिथे सातव्या महिन्यात सुरू केलेली गोळीही कामाला येते. दुसऱ्याचा संबंध गर्भाच्या मेंदूशी आणि मज्जारज्जूशी आहे, आणि तिथे तिसऱ्या महिन्यात सुरू केलेल्या गोळीची वेळ टळून गेलेली असते.

आहारशास्त्राच्या विद्यार्थिनींना हा फरक शिकवताना मी नेहमी एका प्रकरणापासून सुरुवात करते. ते आपल्या परळमध्ये घडलं, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात. तेव्हा 'फॉलिक ॲसिड' हे नावही जन्माला आलं नव्हतं.

परळ, १९२८

त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या कापडगिरण्यांचा मोठा संप चालला. सहा महिने पगार नाही म्हटल्यावर चाळींतल्या चुलींवर काय चढत असेल, ते सांगायला नको. गिरणीकामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. बहुतेक जणी रीळिंग आणि वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यांत. संप नसेल तेव्हा दिवसाचे दहा तास गिरणीत आणि त्याच्या आगेमागे घरचं सगळं.

याच वर्षी जुलै महिन्यात प्रसूती लाभाच्या विधेयकावर मुंबईच्या विधिमंडळात चर्चा झाली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे मांडली. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. देशातला तशा प्रकारचा पहिला. गिरणीतल्या बाईचं गर्भारपण हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे मान्य व्हायला नुकती कुठे सुरुवात झाली होती.

भारतात वैद्यकीय सेवेत असलेल्या स्कॉटिश डॉक्टर मार्गारेट बाल्फोर यांना मातामृत्यूंनी घेरलं होतं. आज ज्या संस्थेला आपण आयसीएमआर म्हणतो, तिचं तेव्हाचं रूप म्हणजे इंडियन रिसर्च फंड असोसिएशन. तिच्या वतीनं मातामृत्यूंची चौकशी हाती घेण्यात आली आणि केंद्र ठरलं परळची हाफकिन संस्था. प्लेगच्या लसीसाठी १८९९ मध्ये जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये थाटलेली ती प्रयोगशाळा; हाफकिन यांचं नाव तिला मिळालं १९२५ मध्ये. तिथे बाल्फोर यांनी लंडनहून एका रक्ततज्ज्ञ बाईंना बोलावून घेतलं. त्यांचं नाव लूसी विल्स.

विल्स तेव्हा चाळिशीच्या होत्या. बर्मिंगहॅमजवळचा जन्म, केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र, मग पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत स्वयंसेवी शुश्रूषा आणि तिथून परतल्यावर लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश. १९२० मध्ये डॉक्टर झाल्यावर त्यांनी दवाखाना थाटला नाही. रॉयल फ्री हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत त्या गर्भारपणातल्या शरीरक्रियांवर काम करत राहिल्या. म्हणजे बाल्फोर यांनी अगदी हवी ती व्यक्ती निवडली होती.

रुग्ण

बाई सहाव्या-सातव्या महिन्यात किंवा त्याहून पुढे. चेहरा पांढराफटक, पापणीच्या आतली बाजू पांढरी, जीभ सोललेली, पायांवर सूज, चार पायऱ्या चढल्या की धाप. रक्तक्षय इतका पुढे गेलेला की बाळंतपणातला नेहमीचा रक्तस्रावही जिवावर बेतायचा. आणि बेततही होता.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र हे रक्त वेगळं दिसायचं. लोह कमी पडतं तेव्हा लाल पेशी लहान आणि फिकट होतात. इथे पेशी संख्येनं अगदी थोड्या, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी. असं रक्त डॉक्टरांना एका दुसऱ्या आजारात माहीत होतं. युरोप-अमेरिकेत मुख्यतः उतारवयात दिसणारा तो घातक रक्तक्षय, 'पर्निशियस ॲनिमिया'. म्हणून मुंबईतल्या आजारालाही लोक 'गर्भारपणातला पर्निशियस ॲनिमिया' म्हणू लागले होते.

पण नाव जुळलं तरी खुणा जुळत नव्हत्या. त्या आजारात जठरातलं आम्ल नाहीसं होतं. या तरुण बायकांत ते असायचं. त्या आजारात हातापायांच्या नसा बिघडतात. इथे तसं दिसत नव्हतं. आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे बाळंतपणातून बाई वाचली तर बरेचदा आपोआप सावरायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्याच दारात यायची. पोटातलं बाळ तिच्याकडून काहीतरी घेत होतं आणि तेच तिच्याकडे पुरेसं नव्हतं. आज हे वाक्य सहज लिहिता येतं. तेव्हा असं कुणी ठामपणे म्हणू शकत नव्हतं.

आधी जंतू, मग ताट

त्या काळाला साजेसा पहिला संशय जंतूंवर गेला. हाफकिनसारख्या जागी तर तो जाणारच. विल्स यांनी बायकांच्या आतड्यांतल्या जंतूंची तपासणी केली, पण आजाराचा उलगडा होईल असं काही हाती लागलं नाही.

मग त्यांनी जे केलं त्यासाठी मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. त्या वस्तीकडे वळल्या. मेहता आणि तळपदे हे त्यांचे मुंबईतले सहकारी. या कामावरच्या १९३० च्या निबंधांवर विल्स यांच्या नावाशेजारी ही नावंही छापलेली आहेत. तळपदे यांच्यासोबतचा निबंध मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणीमान यांच्या पाहणीचा आहे. घरात माणसं किती, हवा-उजेड किती, आणि बाई जेवते काय. या पाहणीत विल्स यांचं नाव पुढे येतं, आणि ते योग्यच आहे. पण चाळीच्या दारात उभं राहून कालपासून काय काय खाल्लंस हे विचारणं, आणि त्या उत्तरावर विश्वास ठेवता येईल इतकी ओळख बाईशी जमवणं, हे स्थानिक माणसांशिवाय झालं असेल असं मला वाटत नाही.

पाहणीत दिसलं ते असं : हा रक्तक्षय सगळ्या समाजांत होता, पण गरीब मुसलमान बायकांत त्याचा जोर सर्वांत जास्त होता आणि आहारही त्यांचाच सर्वांत निकृष्ट होता. याचा अर्थ धर्मात शोधायचा नसतो, हे मी वर्गात दर वेळी थांबून सांगते. घरात पैसा किती, बाई स्वतः बाजारापर्यंत जाऊ शकते का, भाजी, फळं, मटण यांतलं काही घरात आलंच तर ते कुणाच्या ताटात पडतं, यावर या गोष्टी ठरतात. पडद्यात राहणाऱ्या गरीब बाईच्या बाबतीत या सगळ्यांची उत्तरं एकाच दिशेला जात होती.

उंदीर आणि माकड

आहार वाईट आहे आणि आजार आहे, एवढ्यावरून आहारामुळेच आजार झाला असं म्हणता येत नाही. ते सिद्ध करायला हवं होतं. विल्स यांनी मुंबईच्या मुसलमान बायकांसारखाच आहार गाभण उंदरांना द्यायला सुरुवात केली. उंदरांच्या माद्यांना रक्तक्षय झाला आणि पिल्लं होण्याआधीच त्या मेल्या. त्यांच्या अन्नात यीस्ट मिसळल्यावर रक्तक्षय टळला.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि उवांमधून पसरणारा बार्टोनेला हा जंतू उंदरांमध्ये स्वतःच रक्तक्षय घडवून आणतो. म्हणजे दिसलेला परिणाम आहाराचा की उवांचा, हे छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. मनाजोगता निकाल हातात असताना त्यावर शंका घेणं सोपं नसतं. विल्स यांनी ती घेतली आणि प्रयोग रीसस माकडांवर पुन्हा उभा केला. यातलं बरंच काम कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये झालं. तिथे रॉबर्ट मॅकॅरिसन भारतातल्या वेगवेगळ्या प्रांतांच्या आहारांचा अभ्यास करत होते. अशा निकृष्ट आहारावर माकडांनाही तसाच, मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला.

एक माकड अगदी शेवटच्या घटका मोजत होतं. निरनिराळे पदार्थ देऊन झाले होते. त्याला मार्माइट दिलं आणि ते उठून बसलं.

मार्माइटची बरणी

मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा अर्क. काळपट, खारट, चिकट. इंग्रज लोक पावाला लावून खातात. १९०२ पासून इंग्लंडच्या बर्टन-अपॉन-ट्रेंट गावात ते तयार होत असे. मद्याच्या भट्टीतला टाकाऊ माल, त्यामुळे स्वस्त. ब गटातल्या जीवनसत्त्वांचा साठा म्हणून डॉक्टरांना ते ठाऊक होतं.

विल्स यांनी ते गर्भवतींना दिलं. काही दिवसांतच रक्तात नव्या, कोवळ्या लाल पेशींची संख्या एकदम चढली. अस्थिमज्जेचं अडलेलं काम पुन्हा सुरू झाल्याची ती खूण. त्यापाठोपाठ हिमोग्लोबिन वाढलं. धाप कमी झाली, भूक लागू लागली. हा निष्कर्ष १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

तेव्हाच्या मानानं ही केवढी गोष्ट होती, हे समजून घ्यायला हवं. पर्निशियस ॲनिमियावर यकृत खायला घालण्याचा उपाय मायनट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये सांगितला होता. त्याबद्दल पुढे, १९३४ मध्ये, नोबेलही मिळालं. यकृताचा अर्क मुंबईतल्या रुग्णांनाही लागू पडे, पण महाग. गिरणीतल्या बाईला तो रोज कुठून मिळणार? विल्स यांना उपाय असा हवा होता की तो गरिबाला परवडेल, आणि म्हणूनच त्या यीस्टच्या मागे लागल्या. औषध सापडलं आणि मग ते स्वस्त करायचा विचार झाला, असा हा क्रम नाही. परवडण्याची अट त्यांनी शोधाच्या आधीच मनाशी धरली होती.

शुद्ध केलं आणि गुण गेला

हा भाग रसायनाचा आहे, पण तो सोडून पुढे जाता येत नाही, कारण आजच्या पुण्याजवळच्या खेड्यांपर्यंत त्याचा धागा पोहोचतो.

यकृताच्या कच्च्या, ओबडधोबड अर्कानं मुंबईच्या बायका बऱ्या होत. औषध कंपन्या तोच अर्क अधिकाधिक शुद्ध करू लागल्या. शुद्ध अर्क पर्निशियस ॲनिमियावर अधिक प्रभावी ठरला, पण मुंबईच्या रक्तक्षयावर त्याचा काही उपयोग होईना. यावरून विल्स यांनी अनुमान काढलं : कच्च्या यकृतात दोन वेगळे गुणकारी घटक आहेत. शुद्ध करताना एक टिकतो, दुसरा वाया जातो. आणि मुंबईच्या बायकांना जो हवा तो नेमका वाया जाणारा. तो तोवर माहीत असलेल्या कोणत्याच जीवनसत्त्वाशी जुळत नव्हता. लोक त्याला 'विल्स घटक' म्हणू लागले. १९३७ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर हा वेगळेपणा जैवरसायनशास्त्राच्या नियतकालिकात सविस्तर मांडला आणि त्याच हिवाळ्यात त्या आणखी काही आठवड्यांच्या कामासाठी हाफकिनमध्ये परतल्या. त्या वेळी पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं त्या कराचीपर्यंत आल्या होत्या.

आता आपल्याला ठाऊक आहे की शुद्ध अर्कात टिकणारा घटक म्हणजे जीवनसत्त्व ब१२. तो १९४८ मध्ये वेगळा करता आला. वाया जाणारा घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून त्याचा अंश मिळवला आणि लॅटिनमध्ये पान म्हणजे 'फोलियम' म्हणून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव दिलं. चार टन पालक! मंडईत पालकाची जुडी हातात घेताना मला हा आकडा हटकून आठवतो. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत लेडरली कंपनीच्या प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या तयार झाला. त्या चमूचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. तरुणपणी त्यांचे भाऊ स्प्रू या आजारानं गेले होते. या आजारात आतडं अन्नातली सत्त्वं शोषून घेत नाही आणि फोलेटचीही कमतरता होते. मुंबईत ज्याचा माग लागला, त्याची गोळी भारतातून गेलेल्या माणसाच्या देखरेखीखाली बनली.

फोलेट नेमकं करतं काय? नवी पेशी तयार व्हायची तर आधी डीएनएची नक्कल काढावी लागते. त्या नकलेसाठी लागणारा एक महत्त्वाचा भाग फोलेटशिवाय जुळत नाही. फोलेट अपुरं पडलं की पेशीचा आकार वाढत जातो पण ती वेळेवर विभागत नाही. म्हणून लाल पेशी थोड्या आणि मोठ्या. ज्या जागी पेशी सर्वांत वेगानं वाढतात तिथे आधी फटका बसतो : अस्थिमज्जा, जीभ, आतडं, आणि गर्भ. गर्भारपणात फोलेटची गरज एकदम वाढते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे एरवी स्त्रीला रोज २२० मायक्रोग्रॅम पुरतात; गरोदरपणी ५७० लागतात. अडीचपटीहून जास्त. शरीराचा साठा मात्र काही महिन्यांपुरताच असतो.

बाळाचं उत्तर

आतापर्यंतचं सगळं प्रकरण आईच्या रक्ताचं होतं. विल्स यांनी तेच पाहिलं, कारण जीव तिथे जात होते. १९६४ मध्ये त्या वारल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी लिव्हरपूलहून हिबर्ड आणि स्मिथेल्स यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. मेंदू किंवा मज्जारज्जूत व्यंग असलेली बाळं ज्यांना झाली त्या बायकांच्या शरीरात फोलेटचा व्यवहार बिघडलेला असतो का, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला.

गर्भाच्या पाठीवर सुरुवातीला एक पन्हळ असते. तिच्या कडा वर येऊन एकमेकींना मिळतात आणि नळी तयार होते. तिच्यापासूनच मेंदू आणि मज्जारज्जू होतात. ही नळी मिटायचं काम गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवशी संपतं. खाली मिटली नाही तर पाठीचा कणा उघडा राहतो, त्याला स्पायना बिफिडा म्हणतात. वर मिटली नाही तर मेंदू आणि कवटीच पुरती बनत नाही आणि असं बाळ जगत नाही. पाळी चुकली हे लक्षात येऊन बाई तपासायला जाईपर्यंत हे २८ दिवस बहुधा संपत आलेले असतात किंवा संपलेले असतात.

खात्रीचा पुरावा १९९१ मध्ये मिळाला. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं सात देशांतल्या ३३ केंद्रांत १,८१७ बायकांवर चाचणी घेतली. या सगळ्यांना आधी असं व्यंग असलेलं बाळ झालेलं होतं. गर्भ राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांमध्ये व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली, कारण उरलेल्या बायकांना ते न देणं अन्यायाचं ठरलं असतं. त्यानंतर हंगेरीतल्या चाचणीत दिसलं की ज्यांना आधी असं काही झालेलं नाही त्यांनाही याचा फायदा होतो. सर्वसाधारण स्त्रीसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅमचं प्रमाण रुळलं. अमेरिकेनं १९९८ पासून धान्याच्या पिठात फॉलिक ॲसिड मिसळणं सक्तीचं केलं, कारण अनेक गर्भधारणा ठरवून होत नाहीत आणि गोळी तर आधीपासून पोटात असावी लागते.

आधी असं बाळ झालेलं असेल, किंवा बाई फिट्सची औषधं घेत असेल, तर ४०० मायक्रोग्रॅम पुरत नाहीत. तिथे डॉक्टर मोठा डोस देतात आणि तो गर्भ राहण्याआधीच सुरू करावा लागतो. फिट्सची औषधं मात्र कुणीही आपल्या मनानं बंद करू नयेत. त्यातून आईला आणि बाळाला मोठा धोका संभवतो. शिवाय सगळीच व्यंगं फोलेटच्या कमतरतेनं होत नाहीत. एखाद्या आईनं गोळी नीट घेऊनही असं बाळ झालं तर तिच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आपल्या चुलीपाशी

फोलेट आपल्या स्वयंपाकघरात भरपूर आहे. मेथी, पालक, शेपू, चाकवत, अंबाडी, हरभऱ्याचा पाला, हरभरे, मूग, चवळी, मटकी, राजमा, शेंगदाणे, काळीज. काळजात अ जीवनसत्त्वही खूप असतं, म्हणून गरोदरपणी ते रोज खायचं नसतं. अडचण अशी की फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं मोडतं. पालेभाजी चिरून भिजत ठेवली, खूप पाण्यात उकळली आणि पाणी ओतून दिलं, तर निम्मं फोलेट मोरीत जातं. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, झाकण ठेवून थोडक्या पाण्यात शिजवावी आणि पाणी टाकू नये. आपल्याकडे पळीवाढी पातळ भाजी आणि कळणाचं सार करतात. त्यात ते पाणी पोटातच जातं. कडधान्यांना मोड आणले की त्यातलं फोलेट वाढतं. उसळ हा काही उगाच गरिबाचा म्हणून हिणवायचा पदार्थ नाही.

एवढं सगळं करूनही गर्भारपणातली ५७० ची गरज नुसत्या ताटातून रोज भागेल याचा भरवसा नाही. गोळी लागतेच. ताट आणि गोळी यांत निवड करायला लावणारा सल्ला कुठे ऐकू आला तर तो मानू नये.

पुण्याजवळची सहा गावं

या प्रकरणाला महाराष्ट्रातच एक दुसरा अंक जोडला गेला आहे, आणि माझ्या मते तो पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. रक्त तपासलं तेव्हा फोलेटची कमतरता जवळजवळ नव्हतीच. पण सुमारे दोनतृतीयांश बायकांत ब१२ कमी होतं. २००८ मध्ये त्यांनी मांडलं की ज्या मातांचं फोलेट जास्त आणि ब१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. मधुमेहाच्या वाटेवरचं ते पाऊल आहे.

विल्स यांच्या प्रयोगशाळेत कच्च्या यकृतातून जे दोन घटक वेगळे झाले, तेच दोन इथे समोरासमोर आले. पेशीच्या कामात फोलेट आणि ब१२ यांची जोडी आहे. ब१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांची झीज आतल्या आत चालूच राहू शकते. ब१२ दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. पालक कितीही खाल्ला तरी त्यातून ते मिळत नाही. शाकाहारी घरात, किंवा जिथे मटण सणालाच शिजतं आणि दूध डेअरीला जातं अशा घरात, ते कमी पडणं साहजिक आहे.

यावरून काही जण फॉलिक ॲसिडची गोळीच नको म्हणायला लागतात. तो निष्कर्ष चूक आहे, आणि अशा चुकीची किंमत बाळाला मोजावी लागते. गोळी हवीच. तिच्या जोडीला ब१२ कडेही पाहायला हवं. विल्स यांना १९२९ मध्ये ज्या बायका भेटल्या, त्यांच्या ताटात एक गोष्ट कमी होती. सुमारे पासष्ट वर्षांनी दीडशे किलोमीटरवर भेटलेल्या बायकांच्या ताटात दुसरी. दोन्हीकडे उत्तर हाती लागलं ते जेवणाबद्दल विचारून आणि रक्त तपासून. 'भारतीय गर्भवती' अशी एकच बाई डोळ्यांसमोर ठेवली असती तर दोन्हींपैकी एकही सापडलं नसतं.

आणि वेळ

२०१८ च्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात गर्भवतीसाठी दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज लोहाची गोळी आहे : ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. ही आईच्या रक्ताची गोळी, विल्स यांच्या प्रश्नाचं उत्तर. त्याआधीसाठी, गर्भधारणेच्या आसपास आणि पहिल्या तिमाहीत, ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची वेगळी गोळी त्याच कार्यक्रमात सांगितली आहे. बाळाची गोळी ती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता हे त्याचं एक मोठं कारण, त्यामुळे लोहाच्या मोठ्या गोळीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, आणि ते असायलाच हवं. नुसत्या फॉलिक ॲसिडची लहान गोळी मात्र मागे राहते. ती बाईपर्यंत पोहोचते तेव्हा बरेचदा नोंदणी झालेली असते, म्हणजे दोन-तीन महिने उलटलेले असतात.

आशाताईंशी आणि नर्सबाईंशी बोलताना मी त्यांना त्यांच्याच कामातली एक गोष्ट दाखवते. गावात लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव गरोदर मातांच्या नोंदवहीत जाण्याच्या किती तरी आधी पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत गेलेलं असतं. पाळणा लांबवायचा की नाही, हे विचारायला ताई तिच्या घरी जातेच. "आत्ता तरी मूल हवंय" असं ती मुलगी म्हणाली, की त्याच भेटीत तिच्या हातावर लहान गोळीची पट्टी ठेवायची आणि ती दुपारी काय जेवली तेही विचारायचं.